सोळा घरांची ओळ आणि आपली भिंत

मुक्काम विलायत, समुद्राकाठी
१९ जानेवारी २०२५

धनाजीस लालासाहेबाचा रामराम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. मागे एकदा तुझ्या पोरानं, सिद्धूनं उचलला, तर मागून तुझाच आवाज आला, "सांग त्याला, मला त्याचा आवाज ऐकायचा न्हाई." ठीक आहे. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र लिहितोय. पलटणीत असताना घरी धोंडुबाईला जाणारी तुझी पत्रं मीच लिहून द्यायचो, तेव्हा माझं अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही.

पत्राचं कारण आधीच सांगतो. मलकापूरचं माझं घर विकायचं चाललंय. क्रांतीचं म्हणणं असं, की आम्ही दोघं तिथं एकटी, पोरगी इतक्या लांब, आणि शेजारच्या दाराला, म्हणजे तुझ्या दाराला, चार वर्षं कुलूप. रात्री-अपरात्री काही झालं तर हाक मारायची कुणाला? त्यापेक्षा पुण्यात तिच्या सासूसासऱ्यांच्या इमारतीत, लिफ्टची सोय असलेला फ्लॅट घ्यावा. जावई ऋषिराज यांचंही तेच मत आहे. घर घेणारा बिल्डर माझी बाजू पाडून दुकानं काढणार म्हणतो. पण मधली भिंत आपली सामाईक. तिला हात लावायचा तर तुझी लेखी संमती लागते. तुझ्या बाजूनं तो नवी भिंत बांधून देणार आहे. कागद सोबत जोडलाय. वाचून सही कर. घाई नाही. अजिबात घाई नाही. दोन-तीन महिने लागले तरी कुणी तुला विचारणार नाही.

आता इकडची खबर. क्रांतीला मुलगी झाली. नाकावर राग आणि आवाज खणखणीत, म्हणजे आजीवर, बनूवर गेली. बनू तिला रोज तेल लावून, पायावर घेऊन अंघोळ घालते. दवाखान्याची नर्स तपासायला आली तेव्हा ते बघून तिचे डोळे पांढरे झाले, पण पोरगी शेक घेऊन गपगार झोपली तशी नर्सनंच विचारलं, हे तेल कुठं मिळतं. तेव्हापासून बनूचा इकडे फार तोरा आहे.

क्रांती राहते ते घर तू बघायला पाहिजे होतंस गड्या. घर कसलं, घरांची ओळ आहे. समुद्राकडे तोंड करून सोळा घरं, खांद्याला खांदा लावून उभी. दोनशे वर्षं झाली म्हणतात. पहिल्या दिवशी मी खाली वाळूत जाऊन बघितलं आणि खोटं सांगत नाही, माझ्या टाचा आपोआप जुळल्या. एकाही घराचा पाय ओळीच्या पुढे नाही. खिडकीवर खिडकी, गॅलरीला लागून गॅलरी, आणि लोखंडी नक्षीचे कठडे पहिल्या घरापासून सोळाव्या घरापर्यंत एका उंचीवर. मधल्या चार घरांना उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर मोठा त्रिकोण. लांबून येणाऱ्याला वाटावं, कुण्या राजाचा एकच महाल आहे. खरं तर सोळा बिऱ्हाडांनी मिळून घेतलेलं ते राजाचं सोंग!

मी क्रांतीला म्हटलं, दगड झकास आहे, कुठल्या खाणीचा? तर ती हसायलाच लागली. दगड नाहीच. आत विटा, गोटे, चुना, त्या वेळी हाताला लागेल ते भरलंय. वरून गिलावा, आणि गिलावा ओला असतानाच त्यावर रेघा मारून चिऱ्यांचा आव आणलाय. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण आव असा देखणा, की खाऱ्या वाऱ्यात दोनशे वर्षं टिकला. मात्र ठरावीक वर्षांनी रंग द्यावाच लागतो, नाहीतर पाणी आत शिरतं. आणि रंग सगळ्यांनी एकच द्यायचा, सायीसारखा. घर घेताना करारातच तसं लिहून घेतात. कुणाला हौस आली म्हणून पोपटी द्यायचा नाही. आपल्या गल्लीत असा नियम काढला तर पहिली कुऱ्हाड तूच काढशील.

मग मी मागच्या बाजूला गेलो, आणि तिथं सगळं पितळ उघडं पडलं. पुढून पलटण आणि मागून आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार! एकाची खोली पुढे आलेली, एकाचा जिना वाकडा, कुणाची मोरी हवेत, कुणाच्या भिंतीवर नळांचं जाळं. त्या काळी रीत अशी होती म्हणे, की समोरचा तोंडवळा एकानं ठरवून द्यायचा आणि मागचं घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं आणि गरजेनं बांधायचं. बनू ते बघून म्हणाली, "माणसाचं बी असंच असतंय की. फुडनं इस्त्री आन् मागनं ठिगळं." मी म्हटलं, माझ्याकडं बघून बोलू नकोस.

स्वयंपाकघर तळघरात. रस्त्याच्या खाली. चाकरमाणसं तिथं राबायची आणि ताटं चार मजले वर चढायची. कोळसा टाकायला फुटपाथलाच गोल लोखंडी झाकणं आहेत, अजून शाबूत. आता प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड आहे. क्रांती दुसऱ्या मजल्यावर राहते. पण भिंती मूळच्या, हातभर जाड. पलीकडच्या घरात कोण राहतं हे क्रांतीला तीन वर्षांत कळलेलं नाही.

एक गंमत राहिली. वरच्या मजल्यावर काही खिडक्या अशा आहेत, की चौकट आहे, काळा रंग देऊन त्यावर पांढऱ्या पट्ट्या ओढल्यात, पण काच नाही. मागे सगळी भिंत. वाळूतून सगळ्यांना ती खिडकीच वाटते. मला मात्र लगेच कळलं. मी विचारलं, "ही कुणी बुजवली? भावाभावांचं वाजलं काय?" क्रांती म्हणाली, "बाबा, बुजवली नाही. पहिल्यापासून अशीच बांधलीय. आत त्या जागी चुलीचं धुराडं जातं. उघडी ठेवता येत नव्हती, आणि नाही ठेवली तर ओळ बिघडत होती." मला काय आठवलं ते तुला सांगायची गरज नाही, आणि मी सांगणारही नाही.

सोळा म्हणालो खरं, पण आता उभी पंधराच; शेवटून तिसरं घर काही वर्षांपूर्वी आगीत गेलं. ते उतरवलं, तर दोन्ही बाजूंच्या घरांना लोखंडी टेकू द्यावे लागले. इतकी वर्षं एकमेकांवर रेलून उभी असलेली घरं, मधलं एक काढल्यावर बाकीची कलायला लागली. त्या उघड्या पडलेल्या भिंतीवर गेलेल्या घराच्या शेगड्या अजून दिसतात. एकीच्या वर एक. मजला नाही, माणूस नाही, नुसत्या शेगड्या भिंतीत. बनू त्या घरावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जाते. विचारलं तर म्हणते, तिकडं ऊन असतंय. इथल्या जानेवारीत ऊन कुठलं आलंय!

असो. कागद जोडलाय. सही करण्याआधी चार वेळा वाच. डाळिंबाची बाग कशी आहे? पुन्हा मेंढरं घेतलीस असं ऐकलं, खरं का? थंडीत छाती सांभाळ.

तुझा, अजून असलो तर,
लालासाहेब


मलकापूर
२ एप्रिल २०२५

धनाजी, अरे शहाण्या,

रामराम नंतर करू. आधी मला सांग, सही करायला तुला कुणी सांगितलं होतं?

मीच सांगितलं होतं, ते मला ठाऊक आहे. पण चोवीस वर्षं आपण एका पलटणीत काढली. बस म्हटलं की उठायचास, पळ म्हटलं की बिडी पेटवायचास. तुझ्यापायी मी साहेबांच्या किती शिव्या खाल्ल्या याची गणती नाही. उभ्या जन्मात माझा एक हुकूम मानला नाहीस, आणि मानलास तो नेमका हा! तोही रजिस्टर टपालानं, विलायतेच्या पत्त्यावर! पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, आत चार शिव्या असतील. मी चहा ठेवायला सांगून, चष्मा पुसून, खिडकीत समुद्राकडे तोंड करून बसलो, की आता निवांत वाचू. तर आत तो कागद, आणि पाठीमागं तुझ्या अक्षरात, "सही केली हाय. भिंत पाड. सुखी ऱ्हा."

घाई नाही असं मी किती वेळा लिहिलं होतं? मोज. शहाण्या माणसाला एवढ्यावरून कळलं असतं. तुला मेंढरांची भाषा कळते, माणसाची कळत नाही.

आम्ही गेल्या महिन्यात परत आलो. परवा बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला. भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, "काका, नऊ इंची तर हाय. एका दिसात खाली येतीय बघा." मी त्याला म्हटलं, "बाबा, हिच्यावर दोन घरांचा एकच स्लॅब हाय. त्योबी एकाच दिसात वतलाय." तो म्हणाला, असं कुणी करतं होय? मी म्हटलं, आमी केलंय.

तुला तो दिवस आठवत असेल. दोघांनी एकदम रजा काढली होती. गवंडी म्हणत होता, दोन घरांचे दोन स्लॅब करा, पुढं पोराबाळांत वाटण्या होतात. तू म्हणालास, "वाटण्या भावाभावात व्हत्यात, आमी भाऊ न्हवं." तू कमरेला टॉवेल बांधून घमेली उचललीस, आणि संध्याकाळी स्लॅबच्या जेवणाला कापायला बोकड आणलास तो थेट आटपाडीहून, एस.टी.च्या टपावर बांधून. कराडच्या स्टँडवर त्यानं कंडक्टरची टोपी खाल्ली होती.

आणि ती खिडकी. आपण दोघं बदलीच्या गावी, इथं दोघी बायका लहान पोरं घेऊन राहणार, म्हणून धोंडुबाईनं हट्ट धरला, की दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत हातभर खिडकी ठेवा. गवंडी म्हणाला, "सामाईक भिंतीला भोक ठेवत न्हाईत ताई, फुडं भांडणं व्हत्यात." तर धोंडुबाई म्हणाली, "ठेव तू. भांडणं बी त्याच भोकातनं करू." पंचवीस वर्षांहून जास्त त्या भोकातून काय काय गेलं! विरजण, कोरड्यासाची वाटी, काडेपेटी, तापाच्या गोळ्या, पोरंसुद्धा. तुझ्या सिद्धूला आणि माझ्या क्रांतीला तर लहानपणी दारानं जायचं असतं हे माहीतच नव्हतं. भांडणंही झाली म्हणा. एकदा दोघी चटणीच्या मिठावरून आठवडाभर बोलत नव्हत्या, पण वाटी रोज इकडून तिकडं जात होती.

सोळा घरांच्या त्या ओळीत मी तीन महिने राहिलो. कठडे बघितले, खांब बघितले, गिलाव्यातल्या रेघा बघितल्या. इतक्या हुशार लोकांनी इतकं देखणं बांधलं, पण दोन घरांमधल्या भिंतीत वाटी जाईल एवढी जागा ठेवायचं एकालाही सुचलं नाही. ते तुझ्या बायकोला सुचलं. हे मी क्रांतीला बोलून दाखवलं, तर तिनं डोळ्याला पदर लावला. पदर नव्हता, बाळाचं दुपटं होतं.

धोंडुबाई गेल्यावर तू ती खिडकी विटा लावून बुजवलीस. मी कराडहून गूळ घेऊन आलो तर खिडकीच्या जागी ओलं सिमेंट. मला न विचारता! मी तेव्हा जे बोललो ते बोललो. भिंत सामाईक आहे, म्हणालो. तू म्हणालास, "माझ्या अंगाची वीट मी लावली. तुझ्या अंगाला भोक हाय तसं ऱ्हाऊ दे." आणि महिन्याभरात दाराला कुलूप लावून आटपाडीला गेलास. तेव्हापासून आमच्या बाजूला तिथं एक कोनाडा झालाय. बनूचं घर तुला माहीत आहे, बोटभर जागा मोकळी दिसली की तिथं एक डबा येतो. पण त्या कोनाड्यात तिनं चार वर्षांत काही ठेवलेलं नाही. रोज पुसते मात्र.

ती खिडकी तू का बुजवलीस हे मी आता विचारणार नाही. चार वर्षं मला वाटत होतं, तू आमच्यावर रुसलास. आता वाटतं, बाहेरून बघणाऱ्याला काय कळतंय, मागं रुसवा आहे का धुराडं आहे. तिकडच्या त्या काळ्या खिडकीनं मला एवढं शिकवलं. तुला सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे.

येताना पुण्यातला तो फ्लॅट बघून आलो. आठवा मजला. सगळं चकाचक. नळाला दोन रंग, गरम आणि गार. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. क्रांतीच्या सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, "बघा, किती शांतता आहे." मी मान डोलावली. बनू भिंतीवरून हात फिरवत उभी होती. तिला आवडलाय असं दिसतंय.

इथंच माझी अडचण झालीय, धना. मला तिकडं जायचं नाही. मला इथंच राहायचंय, आणि शेजारी तू पाहिजेस. झालं, लिहून टाकलं. पण पोरीला नाही म्हणायला कारण लागतं, आणि शेजारी कुलूप आहे तोवर माझ्याकडे कारण नाही. ती काळजीनं बोलते, तिचं चुकत नाही. आणि बनूला विचारायची माझी छाती होत नाही. नातीत जीव अडकलाय तिचा, आणि नात इकडं आली की उतरणार पुण्यातच. ती पुण्याला हो म्हणाली तर मी काय करू? शत्रूसमोर कधी डगमगलो नाही, तू साक्षीला आहेस. पण बायकोच्या उत्तराला घाबरून बसलोय.

माझा सगळा भरवसा तुझ्या आडमुठेपणावर होता. वाटलं होतं, तू कागद फाडशील, 'भिंतीला हात लावशील तर याद राख' असं लिहिशील, आणि मी क्रांतीला म्हणेन, बघ बाई, धनाजीकाका ऐकत नाहीत, माझा इलाज नाही. तर तू मला सुखी ऱ्हा म्हणतोस! तुला सुखी ऱ्हा म्हणायला कुणी शिकवलं?

मागच्या आठवड्यात मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. कराडला गाडीत बसलो. विट्याला गाडी थांबली तशी वाटलं, हा माणूस दारातूनच परत लावील, आणि मग मला कायमचं कळेल. त्यापेक्षा न कळलेलं बरं. खाली उतरलो, चहा घेतला, भजी खाल्ली, आणि परतीची गाडी धरली. बनूला सांगितलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो होतो. ती म्हणाली, "भज्याचा वास येतोय डॉक्टरच्या दवाखान्यात?"

पाडव्याला आमच्या दारात गुढी उभारली. मग बाहेर जाऊन रस्त्यावरून बघितलं. एका दारात गुढी आणि दुसरं दार ओकंबोकं. ओळ बिघडलेली दिसत होती. म्हणून तुझ्या ओट्यावरही एक उभारली. तांब्या आमचा, साडी बनूनं तिच्या पेटीतून काढून दिली. हिरवी, काठाची. धोंडुबाईनं तिला दिली होती ती. संध्याकाळी उतरवून घडी घालून ठेवलीय. ओळ नीट दिसावी एवढाच हेतू होता, भलतं काही मनात आणू नकोस.

तर आता मुद्द्याचं. अक्षय तृतीयेला बिल्डर विसाराचे पैसे द्यायला येणार आहे. त्याआधी तुझं पत्र आलं पाहिजे, की संमती मागे घेतली. फोन केलास तर आणखी बरं. हा हुकूम समजू नकोस, तू आजकाल हुकूम पाळायला लागलायस, तुझा काय भरवसा. विनंती समज. आणि पत्राच्या मागून तू स्वतः ये. तुझ्या घराची किल्ली तुझ्याकडेच आहे. कौलावरची, म्हणजे पुढच्या पडवीच्या कौलांवरची पानं मी झाडून घेतो. नळ चालू आहे. डाळिंबं सिद्धू बघेल. मेंढरांना जागा नाही, तेवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

टेकू देऊन घरं उभी राहतात, ते मी तिकडं बघून आलोय. पण टेकू तो टेकूच.

तुझ्या विटांना पाठ टेकून बसलेला,
लालासाहेब


भावजी,

बनूचा नमस्कार. ह्यांनी पाकीट उघडंच माझ्याकडं दिलं, चिकटवून पोस्टात टाक म्हणले, म्हून ही चिठ्ठी आत घालतीया. त्यांना सांगू नका. मला त्यांच्यासारखं सजवून लिवता येत न्हाई. बोलते तसं लिवते.

पत्र मी वाचलं. न वाचता चिकटवीन व्हय? म्हणत्यात, बनूला फ्लॅट आवडला. भिंतीवरनं हात कशाला फिरवत हुते ते त्यांना कळलं न्हाई. मी बघत हुते, पलीकडनं काय ऐकू येतंय का. काय बी येत न्हवतं. क्रांतीच्या तिथं बी तसंच. लय जाड भिंती. सकाळी उठून कान दिला तर समुद्र तेवढा ऐकू यायचा, माणूस न्हाई. मला आवाज येणारी भिंत पायजे.

पुण्याला आमी जात न्हाई. मी क्रांतीला विमानात बसायच्या आदल्या दिशीच सांगितलं. रडली जरा, पर समजली. दर दिवाळीला बाळाला घिऊन इकडं येतो म्हणाली. बिल्डरला काल तिनंच फोन करून न्हाई कळवलं. ह्यांना अजून सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्यांनी तुमाला हे पत्र लिवलंच नसतं. चार वर्सं दोघं बी गप बसलाय, कुणीतरी आधी बोलायला पायजे हुतं. आता पाकीट टाकते आन् मग सांगते.

म्हंजी भिंत ऱ्हाती, भावजी. तुमची सही काय कामाची न्हाई. त्यो इषय संपला.

आता माझं. हे ह्यांना बी ठावं न्हाई.

धोंडीचं तेरावं झालं, पावणं गेलं, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी मी उठले. गॅस पेटवला. आन् रोजच्यावाणी खिडकीकडं तोंड करून हाक मारली, "धोंडे, आदण ठिवलंस का गं?" तोंडातनं गेल्यावर मला कळलं. पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. तुमी हुता. बायको गेल्याला माणूस पयल्यांदा स्वताच्या हातानं च्या करायला उभा ऱ्हायला हुता, आन् मी ही अशी हाक मारली. मी तोंडावर हात धरून खाली बसले. दुपारी विटा आल्या.

ह्यांना वाटतंय तुमी रुसला. मला ठावं हाय, रुसला न्हाई. रोज सकाळी ती हाक ऐकायची ताकद न्हवती तुमच्यात. मी तुमच्या जागी असते तर मी बी विटा लावल्या असत्या. म्हून मी कवा काय बोलले न्हाई, आन् ह्यांना बी काय सांगितलं न्हाई.

पर एक सांगते. हाक अजून बी जाती माझ्या तोंडातनं. रोज न्हाई, पर जाती. कोनाड्यात म्हूनच काय ठिवत न्हाई मी, डब्याला हाक मारल्यावाणी हुईल. विटांकडं बघून हाक मारते आन् च्या गाळते. ह्ये बाहेर पेपर वाचत असत्यात, त्यांना ऐकू येत न्हाई आता तेवढं.

तिथं विलायतेत त्या जळक्या घराच्या भिंतीवर शेगड्या बघितल्या, तवापास्नं मी रस्ता वलांडून जायची. धोंडीचा ओटा बी तसाच उघडा पडला असता. परक्यांनी रस्त्यावरनं बघितला असता.

तुमी या. कुलूप काढा. विटा तुमी लावल्याता, तुमीच काढा, गवंडी बोलावू नका. धूळ मी पुसते. आन् दुसऱ्या दिशी सकाळी मी हाक मारीन. धोंडीच्याच नावानं मारीन, मला दुसरी येत न्हाई.

तुमी ओ द्या.

तुमची वैनी,
बनू